फोकस धरला डोळ्यावर, बसला कानावर

किट लेन्सवर हात बसला की बहुतेक जण पहिली प्राइम लेन्स घेतात ती ५० मिमी, एफ/१.८. मागचं सगळं विरघळवून टाकणारी, संध्याकाळच्या उजेडातही चालणारी आणि खिशाला परवडणारी. आणि पहिल्या आठवड्यातच तक्रार येते: कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो छान दिसतो, मॉनिटरवर मोठा केला की डोळे मऊ आणि कानाची पाळी मात्र लखलखीत शार्प. मग कोणी म्हणतं लेन्स खराब निघाली, कोणी म्हणतं बॉडी बदल, कोणी सर्व्हिस सेंटरचा पत्ता देतं. यातलं काहीही करायच्या आधी घरी अर्धा दिवस काढून दोष नेमका कुठे आहे ते शोधता येतं. त्यासाठी एक ट्रायपॉड, फूटपट्टी, पुठ्ठ्याचं खोकं आणि कालचं वर्तमानपत्र एवढं पुरतं.

सगळी तपासणी एका प्रश्नाभोवती फिरते. चूक दर वेळी एकाच बाजूला, साधारण तेवढीच होते, की कधी पुढे, कधी मागे? चूक ठरलेली असेल तर दोष बॉडी आणि लेन्सच्या जुळणीचा असतो आणि तो दुरुस्त होतो. विखुरलेली असेल तर कारण बहुतेक वेळा सेटिंगमध्ये, उजेडात किंवा फोटो काढण्याच्या सवयीत सापडतं, आणि तिथे सर्व्हिस सेंटरवाला काही करू शकत नाही. हे न ठरवता लेन्स दुरुस्तीला टाकणं म्हणजे पैसे वाया.

आधी आकडा डोक्यात बसवा

एपीएस-सी सेन्सरच्या बॉडीवर ५० मिमी लेन्स लावून एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढताय असं धरू. एफ/५.६ ला चेहऱ्याचा साधारण ८.५ सेंमी जाडीचा पट्टा शार्प मिळतो. नाकाच्या शेंड्यापासून जवळपास कानापर्यंत सगळं त्यात सामावतं. अ‍ॅपर्चर एफ/१.८ वर उघडलं की तोच पट्टा पावणेतीन सेंमीवर येतो. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.४ लावून दीड मीटरवरून काढलात तर जेमतेम अडीच सेंमी. डोळ्यावर फोकस अचूक बसला तरी नाकाचा शेंडा बाहेर जाणारच.

शिवाय हे हिशेब मध्यम आकाराच्या छापील फोटोसाठी आहेत. त्यात एपीएस-सी सेन्सरवर ०.०२ मिमी व्यासाचा ठिपका 'शार्प' मानला जातो. २४ मेगापिक्सलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सल सुमारे ०.००४ मिमीचा, म्हणजे तो ठिपका पाच पिक्सल रुंद. मॉनिटरवर शंभर टक्के झूम करून बघणाऱ्याला तो मऊच दिसणार. त्यामुळे प्रत्यक्षात हाताशी असलेला पट्टा वरच्या आकड्यांपेक्षाही बारीक असतो. किट लेन्सनं वर्षभर ज्या चुका पोटात घातल्या, त्या इथे एकदम उघड्या पडतात. चुका नवीन नसतात.

१. फोटोच नीट वाचा

कॅमेरा बाजूला ठेवा आणि बिघडलेले वीस-पंचवीस फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बघा. प्रत्येकात एकच गोष्ट शोधायची: या फोटोत कुठे तरी काही शार्प आहे का? भुवई, कानातलं, खांद्यावरची साडीची किनार, मागच्या भिंतीवरचा खिळा, काहीही.

कुठेच काही शार्प नसेल आणि उजेडाचे छोटे ठिपके, म्हणजे डोळ्यातली चमक किंवा दागिन्याचा लकाका, एका दिशेनं ओढल्यासारखे दिसत असतील, तर हा फोकसचा दोष नाही. हात हलला किंवा माणूस हलला. शटर स्पीड तपासा. हात हलण्यापुरतं बोलायचं तर ५० मिमीला एपीएस-सी बॉडीवर १/८० चालतं असा ठोकताळा आहे, पण समोरचा माणूस बोलत असेल, हसत असेल तर १/२०० च्या खाली जाऊ नका. आयएसओ वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो कशानंच सावरत नाही. लेन्सला किंवा बॉडीला स्टॅबिलायझेशन असलं तरी ते तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची मान नाही.

काही तरी शार्प सापडलं तर ते डोळ्याच्या पुढे आहे की मागे, हे प्रत्येक फोटोसाठी कागदावर लिहा: पुढे, मागे, बरोबर. वीस-पंचवीस फोटोंची ही यादी पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. बहुतेक ठिकाणी 'मागे' असेल तर बॅक फोकसचा संशय घ्या, 'पुढे' असेल तर फ्रंट फोकसचा. दोन्ही सारखेच असतील तर जुळणीचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

शार्प जागा सापडत नसेल तर रंग मदत करतो. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या बहुतेक लेन्सना उघड्या अवस्थेत एक खोड असते: फोकसच्या पुढे राहिलेल्या चकचकीत कडांना जांभळट झाक येते आणि मागे राहिलेल्यांना हिरवट. डोळ्यातल्या चमकेभोवती, चष्म्याच्या काडीवर, चांदीच्या दागिन्यावर ती पटकन दिसते. डोळ्याच्या चमकेला जांभळट कड असेल तर डोळा फोकसच्या पुढे राहिला, म्हणजे फोकस मागे गेला. हिरवट असेल तर उलट. एडिटिंग सॉफ्टवेअरनं या कडा आपोआप पुसल्या नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

२. काच, फिल्टर, संपर्क

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण वगळू नका. समोरचा यूव्ही फिल्टर काढून टाका आणि तपासणी संपेपर्यंत लावू नका. लेन्सच्या मागच्या बाजूचे सोनेरी संपर्क कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं पुसा. खोडरबरानं घासू नका, वरचा मुलामा जातो. अ‍ॅडॅप्टर वापरत असाल तर तो हलत नाही ना ते हातानं बघा.

मग लेन्स बॉडीवरून काढा आणि अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च मारून तिरक्या नजरेनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर आतल्या काचेवर धुरकटपणा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये हे सर्रास आढळतं. सेकंडहँड लेन्स घेताना तर हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अशा लेन्सचा फोटो उघड्या अ‍ॅपर्चरला सगळीकडेच फिका आणि मऊ येतो आणि फोकसचाच दोष वाटतो. एसी हॉलमधून एकदम बाहेरच्या दमट हवेत आलात तर काचेवर दव धरतं, त्याचाही परिणाम असाच. ते पुसत बसू नका. बॅगची चेन बंद ठेवून कॅमेरा बाहेरच्या हवेला येऊ द्या.

व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसतं पण फोटो नीट येतात, अशी तक्रार असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चक्र सरकलेलं आहे. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं, त्याच्या अलीकडे ती फोकस करूच शकत नाही. ८५ मिमी एफ/१.८ लेन्सना ते ८०-८५ सेंमी असतं. बाळाचे फोटो काढताना आपण नकळत त्याच्या आत शिरतो.

३. कॅमेऱ्याला नेमकं काय धरायला सांगितलंय?

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी या पायरीवरच मिटतात, म्हणून इथे घाई करू नका.

फोकस पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलेलं असेल तर डीएसएलआर बहुतेक वेळा सगळ्यात जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. आपल्याकडच्या लग्नात याचा त्रास किती होतो हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नवरीच्या चेहऱ्यापुढे मुंडावळ्या लोंबतात, नाकात मोत्यांची नथ असते. दोन्ही पांढऱ्या, चमकदार, डोळ्याच्या पुढे दोन-चार सेंमी. कॅमेऱ्याच्या लेखी याहून सोपं लक्ष्य नाही. एफ/१.८ ला नथीतला प्रत्येक मोती आणि त्याभोवतीची तार मोजून घ्यावी अशी येते आणि पापण्या मात्र धुक्यात. हा फ्रंट फोकस नाही, लेन्सनं सांगितलं तेच केलं. उपाय असा: एकच पॉइंट निवडा, तो स्वतः हलवून कॅमेऱ्याकडच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा. व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्ष फोकसची जागा बऱ्याचदा मोठी असते, त्यामुळे चौकोनाच्या कडेला मुंडावळीचा मणी येत असला तरी कॅमेरा तो धरू शकतो. नवरीला मान अगदी किंचित वळवायला सांगितली की मुंडावळी डोळ्यावरून बाजूला होते. नथीचाच फोटो हवा असेल तर तो वेगळा काढा, नथीवर फोकस ठेवून.

अंतरपाट खाली येतो तो क्षण आणखी कठीण. चारी बाजूंनी अक्षता उडत असतात आणि सतत पाठलाग करणाऱ्या मोडमध्ये कॅमेरा मध्ये आलेल्या तांदळाच्या मागे धावतो. कॅननमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी कमी करा, निकॉनमध्ये लॉक-ऑन वाढवा. मग मधेच काही आडवं आलं तरी कॅमेरा आधीची पकड लगेच सोडत नाही.

दुसरी सवय म्हणजे मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस धरायचा, शटर अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून चौकट जुळवायची. एफ/५.६ ला ही पद्धत चालून जाते, एफ/१.८ ला नाही. लेन्सचा फोकस एका सपाट पातळीवर असतो आणि कॅमेरा वळवला की ती पातळीही वळते. दीड मीटरवरून कॅमेरा १५ अंश वळवलात तर डोळा त्या पातळीच्या सुमारे पाच सेंमी पुढे राहतो. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्सनं उभा फोटो काढताना चेहरा वरच्या तिसऱ्या भागात आणायचा तर एवढं वळणं सहज होतं. परिणाम दर वेळी एकच: फोकस मागे, कानावर. तुमच्या यादीत 'मागे' जास्त असतील आणि वळवायची सवय असेल, तर जुळणीला हात लावण्याआधी आठवडाभर कडेचा पॉइंट निवडून फोटो काढा आणि यादी पुन्हा करा.

तिसरी गोष्ट, तुम्ही स्वतः. उभ्यानं, हातात कॅमेरा धरून फोकस लॉक झाल्यापासून बटण पूर्ण दाबेपर्यंत आपलं शरीर पुढेमागे डुलतं, समोरचा माणूसही डुलतो. पट्टाच पावणेतीन सेंमीचा असेल तर हे पुरेसं आहे. म्हणून उघड्या अ‍ॅपर्चरला माणसांचे फोटो काढताना स्थिर वस्तूसाठीचा एकदाच लॉक होणारा मोड सोडा आणि सतत फोकस करणारा वापरा: कॅननचा एआय सर्व्हो, निकॉन-सोनीचा एएफ-सी. तीन-तीन फोटोंच्या छोट्या झडीत काढा. मेन्यूत एक जागा नक्की बघा. बऱ्याच बॉडींमध्ये एएफ-सीला मुळात रिलीज प्रायॉरिटी लावलेली असते, म्हणजे फोकस लागलेला असो नसो, बटण दाबलं की फोटो निघतो. ती फोकस प्रायॉरिटीवर आणा.

४. खोक्याची चाचणी

इतकं करूनही चूक एकाच बाजूला राहत असेल तर आता उपकरण तपासायचं.

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या सपाट बाजूला वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा, मोठा ठळक मथळा मध्यभागी येईल असं. खोकं टेबलावर उभं ठेवा. शेजारी ३० सेंमीची फूटपट्टी ४५ अंशात तिरकी टेकवा, तिची १५ सेंमीची खूण कागदाच्या पातळीत बरोबर येईल अशी. फोकस नेहमी कागदावर धरायचा, पट्टीवर कधीच नाही. तिरक्या पट्टीवर फोकस धरला तर पॉइंटच्या जागेत पट्टीचा पुढचाही भाग येतो आणि मागचाही. कॅमेऱ्यानं यातलं काय धरलं ते कळत नाही आणि सगळी चाचणी फुकट जाते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, कागदाच्या मध्याच्या उंचीवर. अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट: ५० मिमीला सव्वा ते अडीच मीटर, ८५ मिमीला साधारण दोन ते सव्वाचार मीटर. सेन्सर कागदाला समांतर हवा. ते बघायची सोपी युक्ती म्हणजे छोटा आरसा कागदावर सपाट धरा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा सरळ.

उजेड खिडकीचा, दिवसाचा हवा. डीएसएलआरचा फोकस सेन्सर उजेडाच्या रंगानंही थोडा सरकतो. पिवळ्या बल्बखाली काढलेले आकडे दिवसाउजेडी लागू पडत नाहीत. स्टॅबिलायझेशन बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ कमी, मधला एकच फोकस पॉइंट, एकदाच लॉक होणारा मोड आणि दोन सेकंदांचा टायमर.

आता व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो. प्रत्येक फोटोआधी फोकस बिघडवायचा, नाही तर कॅमेरा आहे तिथेच राहतो आणि दहा वेळा एकच उत्तर देतो. पाच वेळा रिंग अनंताकडे फिरवून, पाच वेळा अगदी जवळ आणून. कोणते फोटो कुठून सुरू केले ते लिहून ठेवा. मग कॅमेरा न हलवता लाइव्ह व्ह्यू सुरू करा, मथळ्यावर दहा पट मोठं करा आणि हातानं रिंग फिरवत अक्षरं सगळ्यात टोकदार दिसतील तिथे थांबून तीन फोटो काढा. हे तीन तुमचे आदर्श नमुने. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट मुख्य सेन्सरवर बघितला जातो, त्यामुळे तिथे जुळणीची चूक होत नाही.

डीएसएलआरमध्ये ती होते कशी, ते इथे सांगायला हवं. मुख्य आरसा मधोमध अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार गेलेला उजेड मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या वेगळ्या फोकस सेन्सरवर जातो. फोटो मात्र उमटतो मागच्या मुख्य सेन्सरवर. लेन्सपासूनच्या या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. एफ/१.८ ला एपीएस-सीवर मुख्य सेन्सरपाशी फोकसला एकूण मोकळीक मिळते ती ०.०७ मिमीच्या आसपास, साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून कमी. कारखान्यात बॉडी आपल्या मर्यादेत बरोबर असते, लेन्सही आपल्या मर्यादेत बरोबर असते, आणि दोघांच्या बारीक चुका एकाच बाजूला पडल्या की बेरीज त्या मोकळिकीबाहेर जाते. त्यामुळे तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर अचूक चालू शकते. लेन्स सदोष ठरवायची घाई करू नये ती याच कारणानं.

५. निकाल

सगळे फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावा. कागदाची अक्षरं लाइव्ह व्ह्यूच्या नमुन्यांशी ताडा आणि पट्टीवर कोणती खूण सगळ्यात शार्प आहे ते वाचा. पट्टी ४५ अंशात आहे, म्हणून तिच्यावरचा एक सेंमी म्हणजे खोलीतला ७ मिमी.

व्ह्यूफाइंडरचे दहाही फोटो नमुन्यांसारखेच असतील तर उपकरण निर्दोष आहे. तिसऱ्या पायरीवर परत जा.

दहाही एकाच बाजूला, साधारण सारखेच सरकलेले असतील तर जुळणीचा दोष आहे, पुढची पायरी तुमच्यासाठी.

अनंताकडून आलेले एका जागी आणि जवळून आलेले दुसऱ्या जागी, अशी दोन टोळकी दिसली तर लेन्सच्या फोकस यंत्रणेत ढिलाई आहे. हे घरी बरं होत नाही. जुन्या, पडलेल्या लेन्समध्ये याची शक्यता जास्त. काहीच नियम न दिसता फोटो विखुरलेले असतील तर आधी उजेड वाढवून आणि जास्त ठळक मथळा लावून चाचणी पुन्हा करा. थोडं इकडेतिकडे प्रत्येक डीएसएलआरमध्ये होतंच, त्याला दोष म्हणू नका.

आणि लाइव्ह व्ह्यूचे नमुनेच मऊ असले तर? तोच फोटो एफ/२.८ ला काढून बघा. अक्षरं एकदम खणखणीत झाली तर लेन्स उघडी असताना मुळातच थोडी मऊ आहे. स्वस्त ५० मिमीकडून एफ/१.८ ला हेच अपेक्षित आहे. मधला भाग शार्प, पण डावी बाजू उजवीपेक्षा खूप मऊ असेल तर कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा काढा. मऊपणा फोटोच्या डाव्याच बाजूला राहिला तर लेन्समधली एखादी काच मध्यापासून ढळलेली आहे. वॉरंटी असेल तर लेन्स बदलून घ्या.

६. जुळणी

बॉडीच्या मेन्यूत ही सोय कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आणि निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून या नावानं येते. निकॉनच्या डी७००० मालिकेत, डी७५० मध्ये, डी८५० मध्ये ती आहे. कॅननच्या ७०डी, ८०डी, ९०डी आणि ५डी मार्क २ पासून पुढच्या ५डी बॉडींमध्ये आहे. कॅनन १५००डी, २००डी किंवा निकॉन डी३५००, डी५६०० मध्ये नाही.

मर्यादा उणे २० ते अधिक २०. फोकस पुढे पडत असेल तर अधिककडे जायचं, मागे पडत असेल तर उणेकडे. एकेक आकडा वाढवत बसू नका, फरक दिसत नाही आणि माणूस कंटाळतो. आधी थेट १० द्या आणि तीन फोटो काढा. जास्त झालं तर ५, कमी पडलं तर १५, आणि मग मधला. प्रत्येक आकड्याला तीन फोटो, प्रत्येक फोटोआधी फोकस बिघडवून. चार-पाच फेऱ्यांत उत्तर मिळतं. निकॉनच्या डी५००, डी७५०० आणि डी८५० मध्ये लाइव्ह व्ह्यूवरून आकडा आपोआप काढायची सोय आहे. ती वापरलीत तरी चार-पाच वेळा चालवून मधला आकडा घ्या, एका उत्तरावर विसंबू नका. आकडा १५ च्या पुढे जात असेल तर मी तिथे थांबेन आणि बॉडी व लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिसला देईन. एकटी लेन्स देण्यात अर्थ नाही, दोष बॉडीतही असू शकतो.

मिळालेला आकडा लगेच कायमचा धरू नका. खोकं एक मीटरवर, दोन मीटरवर आणि पाच मीटरवर ठेवून तपासा. काही लेन्स जवळ एक चूक करतात आणि लांब दुसरी. बॉडी मात्र बहुतेक वेळा एकच आकडा ठेवते. अशा वेळी तुम्ही खरोखर ज्या अंतरावरून काम करता त्या अंतराचा आकडा ठेवा. लग्नात अर्ध्या देहाचे फोटो जास्त काढत असाल तर दोन-अडीच मीटरचा. सिग्माच्या यूएसबी डॉकनं किंवा टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलनं त्यांच्या चालणाऱ्या लेन्समध्ये वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगळे आकडे भरता येतात. अशी लेन्स असेल तर हा खर्च सार्थकी लागतो, आणि मेन्यूत सोय नसलेल्या बॉडीवाल्यांनाही हा मार्ग मोकळा आहे.

तसं काहीच नसेल तरी हातपाय गाळायचं कारण नाही. उघड्या अ‍ॅपर्चरचे स्थिर फोटो लाइव्ह व्ह्यूनं काढा. कॅननच्या ज्या बॉडींमध्ये ड्युअल पिक्सल एएफ आहे (२०१३ च्या ७०डी पासून ते यायला लागलं), त्यात हा फोकस चांगला वेगवान असतो. २००डी मध्येही तो आहे.

व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यानं बघत हातानं फोकस करायचा सल्ला मात्र मानू नका. आजच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन उजळ दिसावा असा बनवलेला असतो. एफ/१.८ चा बारीक पट्टा त्यावर दिसतच नाही, दिसतो तो एफ/२.८ च्या आसपासचा. जे शार्प दिसलं ते फोटोत शार्प येईल याची खात्री नाही.

७. एफ/१.८ ला बरोबर, एफ/२.८ ला चूक

हा प्रकार गोंधळात टाकतो. काही मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये काचेच्या कडेतून आलेले किरण आणि मध्यातून आलेले किरण एकाच पातळीवर जमत नाहीत. अ‍ॅपर्चर बंद केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकसची पातळीच थोडी मागे सरकते. डीएसएलआर फोकस नेहमी लेन्स पूर्ण उघडी ठेवून करतो आणि फोटो काढताना अ‍ॅपर्चर बंद करतो, म्हणून चूक उरते. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.२एल यासाठी ओळखली जाते. खोक्याची चाचणी एफ/१.८, २, २.८ आणि ४ ला करून बघा. एफ/२.८ ला अक्षरं मऊ आणि पट्टीवर मागची खूण शार्प असेल तर हेच कारण. मग ज्या अ‍ॅपर्चरला तुम्ही जास्त काम करता त्याला आकडा जुळवा. एफ/४ च्या पुढे पट्टा रुंद झाल्यानं चूक झाकली जाते.

८. मिररलेस असेल तर

आरसा नाही, फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे चौथ्या आणि सहाव्या पायरीतली बरीच डोकेदुखी संपते. पण तक्रारी येतात. डोळा ओळखणारा एएफ कधी पापणीच्या केसांवर बसतो, कधी चष्म्याच्या काडीवर, कधी लांबच्या डोळ्यावर. मेन्यूत डावा किंवा उजवा डोळा ठरवून द्यायची सोय असेल तर वापरा. पाठीमागून ऊन येत असेल तर लेन्सला हूड लावा. काचेवर थेट पडणारा उजेड कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतो आणि फोकस चाचपडत राहतो. जुनी मॅन्युअल लेन्स लावून काढत असाल तर फोकस पीकिंगच्या रंगीत कडांवर भिस्त ठेवू नका. त्या खऱ्या पट्ट्यापेक्षा बऱ्याच रुंद भागावर उमटतात. डोळ्यावर मोठं करून बघा आणि मगच बटण दाबा.

९. कामाच्या जागी

हॉलमध्ये पोचल्यावर पाहुणे यायच्या आधी एका सहकाऱ्याला स्टेजवर उभं करा. तिथल्याच दिव्यांत, तिथूनच, एफ/१.८ आणि एफ/२.८ ला पाच-पाच फोटो काढून मोठे करून बघा. स्टेजवर लाल-निळे दिवे असतील तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण एकाच रंगाच्या उजेडात डीएसएलआरचा फोकस दिवसाच्या जुळणीपेक्षा सरकू शकतो. फरक दिसला तर त्या दिवसापुरतं एफ/२.८ वर राहा आणि आयएसओ वाढवा. जोडप्याचा फोटो तर एफ/१.८ ला काढूच नका, जोपर्यंत दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर नाहीत. तीन ओळींच्या कौटुंबिक फोटोला एफ/५.६ ते एफ/८ लागतं, तिथे उघडं अ‍ॅपर्चर मागच्या ओळीतल्या आजीवर अन्याय करतं.

जुळणीचा आकडा लेन्स आणि बॉडी या जोडीचा असतो. तो डायरीत तारीख, अंतर आणि बॉडीच्या नावासह लिहून ठेवा. बॉडी बदलली, लेन्स पडली किंवा दोन्हींपैकी काहीही सर्व्हिसहून परत आलं, की आधी आकडा शून्यावर आणा आणि खोक्याची चाचणी पुन्हा करा.